तळ्यातला रस्ता

भूमी अभिलेखात नोकरी करून माझे केस पिकत आले, तेव्हा कुठं या नकाशांपायी मला एक मैत्रीण मिळाली.

सरकारनं एका खासगी नकाशा कंपनीशी करार केला होता. आमच्याकडच्या गावांच्या शिवा, रस्ते, तळी त्यांना द्यायची आणि लोकांच्या मोबाईलवरून त्यांना कळलेल्या वाटा आपण घ्यायच्या. जुळवणीसाठी कंपनीची एक मुलगी केजला आली आणि माझ्या टेबलाशेजारी खुर्ची ओढून बसली. डबाही आम्ही एकत्रच खायचो.

एकदा दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवले, तर घाटनांदूरकडच्या एका तलावाच्या मधोमध त्यांचा रस्ता!

"तुमची माणसं पोहत गेली का गं?" मी विचारलं.

ती ओशाळली. "पुसते. पण आधी बघून येऊ, ताई."

मे महिना होता. भाड्याची जीप केली. गाव मागं पडलं तसा ड्रायव्हरनं डांबरी रस्ता सोडला.

"दादा, इकडं कावून?" मी विचारलं.

"वळसा लई पडतो, मॅडम. पाणी हाय का कुठं?"

खरंच, आम्ही तलावाच्या पोटातून चाललो होतो. भेगाळलेल्या गाळावर चाकांच्या दोन गुळगुळीत वाटा पडल्या होत्या. पोरगी हसू दाबत होती.

"दिवाळीनंतर परत ये, पाणी बघ, मग बोलू," मी म्हणाले.

ती आली. पुन्हा तलावावर गेलो, तर आता काठापर्यंत पाणी होतं आणि एक धनगरीण मेंढरांना पाणी पाजत होती.

"काय हुडकता, बाई?"

"इथला रस्ता."

"आत्ता न्हाई तो. उन्हाळ्यात या." पाहुणा गावाला गेलाय, अशा सुरात ती म्हणाली.

म्हणजे दोन्ही नकाशे खरे होते. तलाव भरला की आम्ही कळवायचं आणि त्यांनी रस्ता बंद दाखवायचा, असं आम्ही काठावरच ठरवलं. आपापल्या साहेबांना पटवायला मात्र दोघींनाही घाम फुटला. आमचे म्हणाले, "रस्ता एक तर असतो, नाही तर नसतो." तिचेही तेच म्हणाले. शेवटी दोघांना फोटो दाखवले, तेव्हा कुठं होकार आला.

पुढच्या पावसाळ्यात तलाव भरल्याचं मी कळवलं. संध्याकाळी मोबाईलवर पाहिलं, तर रस्ता गेला होता आणि वळसा दिसत होता. मी उगाच घरातल्या सगळ्यांना दाखवत सुटले. सासूबाईंनी चष्मा लावून निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं केलंस. चहा टाक आता."