मी गाळलेला परिच्छेद

आमच्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक तेव्हा डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमधल्या माझ्या घराच्या बेसमेंटमध्ये तयार व्हायचा. २००४ साल असेल. मी नुकताच निवृत्त झालो होतो आणि अंकाचा संपादक होतो. रविवारी चार-पाच जण जमायचे, बायको वरून पोहे पाठवायची, प्रिंटर अडकला की सगळे एकदम सल्ले द्यायचे. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. म्हणूनच कदाचित हे सांगायचं इतकी वर्षं टाळलं.

त्या वर्षी एका मुलीने लेख दिला. मूळची नागपूरची, डेट्रॉइटला पीएच.डी. करत होती. लेख अमेरिकेतल्या काळ्या लेखिकांवर होता. या बायका जुलमाला प्रेमानेही उत्तर देतात आणि रागानेही; ही दोन उत्तरं एकमेकांपासून तोडता येत नाहीत, असं तिचं म्हणणं. मध्येच एक परिच्छेद तिच्या आईबद्दल होता. आई शिक्षिका होती; जातीमुळे शाळेत तिच्यासाठी वेगळा ठेवलेला कप, आणि तिचा राग.

तो परिच्छेद मी काढला. पुढेही जिथे जिथे राग दिसला तिथे पेन फिरवलं. प्रेम तेवढं ठेवलं. तिला विचारलं नाही.

अंक निघाल्यावर तिचं कौतुक झालं. "किती पॉझिटिव्ह लिहिलंयस गं!" दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"काका, आईचा परिच्छेद कुठे गेला?"

"अगं, जागाच नव्हती."

समितीलाही मी तेच सांगितलं. खरं म्हणजे अर्धं पान उरलं होतं. तिथे मी माझी पानगळीवरची कविता टाकली.

मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमाला ती आली. मी तिच्या हातावर तिळाची वडी ठेवली आणि सवयीने म्हणालो, "गोड बोल हं."

"आणि नाही बोलले तर वडी परत घ्याल, काका?"

"एवढं काय मनावर घेतेस?"

"मी कुठे? आईने घेतलंय. अंक पाठवला होता तिला. विचारत होती, यात मी कुठे आहे?"

तिने वडी डब्यात परत ठेवली. मला वाटलं, आता निघून जाईल. पण कार्यक्रम संपल्यावर ती दर वेळेसारखी खुर्च्या घडी करून भिंतीशी लावत राहिली, शेवटची खुर्ची उचलेपर्यंत. पुढच्या वर्षी ती दुसऱ्या राज्यात गेली. माफी मागायची राहून गेली.

आता नव्या संपादकांनी "काका, जुन्या गोड आठवणी लिहा" म्हटलंय. तर खरं लिहितो. परिच्छेद काढण्याचं कारण जागेचं नव्हतं, सणाच्या अंकात कडू नको हेही नव्हतं. तसा एक कप आमच्या घरीही होता, मागच्या दाराशी, कोनाड्यात. तो कोणासाठी आहे हे मला लहानपणापासून माहीत होतं.

तिची टाइप केलेली पानं मी जपून ठेवली आहेत. परिच्छेद खाली देतो. जागा कमी पडली तर माझं वरचं सगळं गाळा.

"स्टाफरूममध्ये आईचा कप खिडकीत वेगळा असायचा. एक दिवस तिने तो सगळ्यांसमोर फोडला. घरी येऊन त्याच हातांनी माझी वेणी घातली. वेणी घट्ट बसली."