चिखलात उतरायची भीती

आमची पिलसुनवहिनी मागच्या थंडीत गेली, झोपेतच गेली. लोक तिच्या शिंपल्यांचं बोलतात, कुणाचीच टोपली तिच्याएवढी भरायची नाही म्हणतात. पण एक हंगाम असा होता की ती दाराबाहेर पडायला घाबरायची.

आतड्यात गाठ निघाली तेव्हा बोटीनं पलीकडं, मोक्पो शहरातल्या डॉक्टरांनी ती कापली आणि पोटावर भोक पाडून पिशवी लावली. शी त्या पिशवीत यायची. पुढं दुसरं ऑपरेशन करून आतडं परत जोडलं, पिशवी काढली. आमच्या सगळ्या बेटाला वाटलं, सुटली बिचारी. पण कुठलं काय. जोडलेल्या आतड्याला काही धरून ठेवताच येईना. जाऊन यायचं, हात धुवायचे, हात पुसते न पुसते तोवर परत. कळ आली की आलीच, मग संडासाचं दार गाठता येईल याची खात्री नाही. पिशवी होती तेव्हा निदान शी पिशवीत तरी जायची.

त्यातच शिंपल्यांचा हंगाम उघडला. ओहोटीला समुद्र हटला की ट्रॅक्टर गावातल्या बायकांना शिंपले खणायला उघड्या पडलेल्या चिखलात नेतो, पार आत, किनारा रेघेसारखा दिसतो तिथं. भरती लागेपर्यंत माघारी येत नाही. तिथं ना झाड ना आडोसा. आणि मच्छीमार मंडळाचा नियम असा की हंगामात ज्या घरचं कुणीच उतरलं नाही त्या घराचा चिखलावरचा हक्क गेला. वहिनीचा नवरा कधीच वारलेला, सासूचे गुडघे गेलेले. उतरणारी ती एकटीच. ट्रॅक्टरचा भोंगा वाजला की ती पडद्याआड उभी राहायची.

"आजपण नाही?" सासू विचारायची.

"उद्या जाते."

"कालपण उद्याच म्हणाली होतीस."

मग सासूनं स्वतःच्याच डोक्यानं औषध काढलं. आमच्यात बाळंतीण असो की आजारी, समुद्रशेवाळाचं सूप पाजतात. तिनं मोठं पातेलं भरून केलं, तिळाचं तेल घालून, आणि सकाळ-संध्याकाळ तेच. वहिनीला नाही म्हणवेना. दुसऱ्या दिवशी दुपारी पोट दगडासारखं झालं, आत गोळा फिरायला लागला. ती गुडघे पोटाशी घेऊन पडली. जोड सुटला, आता परत कापणार, परत पिशवी, डोक्यात एवढंच.

तेवढ्यात गिलजाकाकू परसातले मुळे द्यायला आली. गावातली सगळ्यात तोंडाळ बाई. तिनं आधी वहिनीकडं बघितलं, मग पातेल्याकडं.

"हे कुणी घातलं हिला?"

"मी," सासू म्हणाली. "रक्त साफ होतं."

"रक्त साफ होतं आणि आतडं तुंबतं. रबरासारख्या पट्ट्या त्या, शिवलेल्या नळीतनं जातात होय?" मग वहिनीकडं वळली. "वारा सुटतोय का गं? उलटी?"

वहिनीनं मान खाली घातली. "सुटतोय. उलटी नाही."

"मग सुटू दे, लाजतेस कशाला. पण तो बंद झाला, नाहीतर उलटी झाली, तर घरात बसायचं नाही. बोट पकडून सरळ हॉस्पिटल."

"तू कधीपासून डॉक्टरीण झालीस?" सासू फणकारली.

काकूनं सदरा वर केला. पोटावर उजव्या बाजूला सुरकुतलेली खळी होती, अगदी वहिनीच्या पोटावर होती तशी.

"थोरल्या लेकीकडं राहायला गेले होते ना वर्षभर? ते याच्यासाठी."

"कुणाला बोलली नाहीस," वहिनी म्हणाली.

"या गावात? इकडं शिंकलं की तिकडच्या टोकाला आल्याचा चहा उकळतो."

संध्याकाळपर्यंत गोळा उतरला. नंतर काकू तिला मोक्पोला घेऊन गेली. तिथं असंच आतडं जोडलेले चौघं जण टोफूच्या खानावळीत भेटायचे. टोफू काही खास नव्हता, पण संडास दोन होते. एक रिटायर बसवाला म्हणाला, मला कळ धरायला वर्ष लागलं, तोवर मला गाडीचे थांबे नाही, संडास पाठ होते. वहिनी हसली आणि हसता हसताच पळाली. कुणी वर बघितलं नाही, सगळे जेवत राहिले. मऊ भात खायचा, ठरल्या वेळी खायचं, खालचे स्नायू आवळायचा व्यायाम करायचा, पॅड लावायचं, सगळं तिनं तिथंच ऐकलं.

हंगाम सरत आला तेव्हा ती ट्रॅक्टरवर चढली. उपाशीपोटी. सगळ्या वाटेत काकूची बाही तिनं सोडली नाही. चिखलात पोचून थोडं खणलं असेल नसेल, पोटात पीळ पडला. किनारा कुठल्या कुठं.

"काकू, आली."

काकू ओरडली, "ए, सगळ्यांनी पाठी फिरवा. मला लागलीय."

बायका कुरकुरत जवळ आल्या, पाठ करून गोल उभ्या राहिल्या. "म्हातारे, घरून जाऊन यायचं की," एक म्हणाली.

वहिनी खाली बसली होती, कान तापलेले. ती म्हणाली, "तिला नाही. मला. माझं आतडं अजून धरत नाही."

मघाची कुरकुरणारी बाई मागं न वळता म्हणाली, "बस निवांत. आम्हाला इथंपण शिंपले आहेत." आणि सगळ्या तशाच, तोंड बाहेर करून खणायला लागल्या.

परत आल्यावर मंडळाच्या माणसानं हक्काच्या हजेरीसाठी घरांची नावं पुकारली. वहिनीची टोपली अर्धीपण नव्हती. नाव आलं तशी "आले" म्हणाली, टोपली तिथंच टाकली आणि घराकडं पळत सुटली.