न वाजणारी डबी

"धडधाकट हाईस ना? मग आजच घे!"

हे मावशी अशा पट्टीत म्हणायच्या, की बीडच्या स्टँडवर वडवणीची एसटी घाबरून बंद पडायची. खोटं वाटत असेल तर कंडक्टरला विचारा. पण कुणाचं नाव नि आजार त्यांच्या तोंडून त्यांच्या सावलीनंही कधी ऐकला नाही.

सरकारी दवाखान्यातली एचआयव्हीच्या गोळ्यांची खिडकी माझी आणि बाहेरचा बाक मावशींचा. पेशंटला धीर द्यायचं त्यांचं काम. गोळ्या त्यांनाही चालू होत्या.

पूर्वी रक्तातल्या पेशी फार घटल्या तरच औषध मिळायचं. मावशींच्या यजमानांना "अजून गरज नाही, नंतर या" म्हणून परत पाठवलं. ते ऊसतोडीला गेले, ते खिडकीवर पुन्हा आलेच नाहीत. पुढे नियम बदलला: रिपोर्ट आला की औषध सुरू. मावशींनी हा नियम जणू दिल्लीत सरकारचा कान पिळून आणला होता, अशा थाटात राबवला.

गेल्या साली लिंबागणेशकडचा एक गडी आला. रिपोर्ट त्याच दिवशी कळलेला, उद्या टोळी कर्नाटकात निघणार.

"मला काय झालंय? उसाच्या दोन मोळ्या एकदम उचलतो."

"आमचे मालक तीन उचलायचे."

"मग?"

"मग त्यांना चौघांनी उचललं."

गड्यानं डबी घेतली, हलवली, परत ठेवली. "वाजती, मावशी. तिकडं ऱ्हायाला कोपी, पाचटाच्या भिंती. शेजारी इचारतील, कशाच्या गोळ्या म्हनून."

मावशींच्या पिशवीत घरचा कापूस असायचाच. डबीत ठासून भरला, त्याच्या कानाशी हलवली.

"वाजली?"

"न्हाई."

"मग काहून थांबलास?"

पाडव्यानंतर गडी परतला तो असा टणक, की बसताच बाक वाकला. पण बाकीच्या काहींच्या गोळ्या तिकडंच सुटल्या होत्या. मावशी पेटल्या. "गोळी हितं न्हाई सुटत, फडात सुटती!" यंदा दसरा झाला तशी त्यांनी स्वतःच्या डबीत कापूस कोंबला, ऊस तोडायला भावजयीशी कोयत्याची जोडी लावली आणि ट्रॉलीत चढल्या.

"मावशी, या वयात?"

"धडधाकट हाय की!"

काल तोच गडी सीझनभराच्या गोळ्या न्यायला आला. मी डब्या दिल्या. तो हलेना. रिकाम्या बाकाकडं बघत राहिला. खिळ्याला मावशींनी कापसाची पिशवी टांगून ठेवलेली. मी कापूस भरला.

त्यानं डबी कानाशी हलवली.

"वाजती अजून," म्हणाला, आणि परत माझ्यापुढं ठेवली.

मी बोटानं आणखी दाबला.