‘झालं’ म्हणायला लावणारे भाऊजी

“परबसाहेब गेले,” असं वॉचमनने इंटरकॉमवर सांगितलं तेव्हा मी फोडणीत जिरं टाकत होते. वैतागून म्हणाले, “कुठे गेले? माझी भिंत बघायला यायचेत ना!” तो हळूच म्हणाला, “ताई, गेले म्हणजे... गेले.” सकाळी माझ्या ओट्याशी उभं राहून चहा प्यायलेला माणूस पंपाच्या खोलीबाहेर खुर्चीत बसला काय आणि संपला काय! महिना उलटला, तरी माझ्या डोक्यात हे शिरतच नाही.

प्रभाकर परब माझ्या मिस्टरांचे मित्र, म्हणून माझे भाऊजी. सगळी नोकरी तुर्भ्याच्या कारखान्यात, मेंटेनन्समध्ये गेली. रिटायर झाले आणि सीवूड्समधल्या आमच्या सोसायटीची दुरुस्ती त्यांनी हौसेने अंगावर घेतली. साधा नळ गळला तरी वर्क ऑर्डर! आधी स्वतः येऊन बघणार, ॲपवर नोंद करणार, कोण जाणार, सामान काय लागणार ते ठरवून मगच प्लंबर पाठवणार. काम उरकलं तरी ऑर्डर बंद करायचे नाहीत. ज्याची तक्रार, त्याने तोंडाने ‘झालं’ म्हणायला हवं. कटवायला म्हणून घाईघाईने ‘झालं झालं’ म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. ऑर्डर बंद झाली की मग बायकोला फोन, ‘बंद झाली, येतो घरी.’ मी चिडायचे, म्हणायचे, नळ आहे की कोर्टकेस?

त्या दिवशी वरच्या फ्लॅटचा पाइप बदलून झाला होता, पण माझ्या स्वयंपाकघरातली भिंत अजून ओलीच होती. मला मेलं ते प्रकरण एकदाचं संपवायचं होतं. “झालंच म्हणा,” मी म्हटलं. भाऊजी हसले.

“वहिनी, ‘झालंच म्हणा’ म्हणजे झालेलं नाही. संध्याकाळी हात लावून बघतो, मग बंद करू.”

ती संध्याकाळ... भिंत केव्हाच सुकली. कमिटीचे फोन येतात की कामं आता एजन्सीकडे द्यायचीत, तुमची तेवढी एक ऑर्डर अडकलीय. मी काहीतरी थाप मारते. ॲप उघडलं की अजून दिसतं, ‘काम चालू, जबाबदार: प्रभाकर परब’. ते मी माझ्या हाताने पुसायचं? माझी छातीच होत नव्हती.

परवा त्यांची बायको सुनंदा आली. कमिटीने तिच्याही कानावर घातलं असणार. चहा नको म्हणाली, सरळ आत गेली आणि भिंतीवर तळवा टेकवून बराच वेळ उभी राहिली.

“कोरडी आहे हो,” ती म्हणाली. “‘झालं’ म्हणून टाका. नाहीतर ह्यांचा जीव इथेच अडकायचा.”

मी ‘झालं’ म्हणाले. बटण मात्र माझ्याने दाबवेना, तेव्हा फोन तिने घेतला आणि दाबलं.

“बंद झाली. येतील आता घरी,” ती सवयीने म्हणाली, आणि माझ्याकडे बघतच राहिली.