भाचीच्या पत्रिकेतला वार

खोटं काऊन बोलू? ती पोरगी माझ्याकडेच टायपिंग शिकली आन धाड गावच्या बसस्टँडवर माझ्याच दुकानासमोर तिनं माझ्याहून मोठं दुकान टाकलं, तवापासून माझ्या पोटात दुखते. नवा कंप्युटर, रंगीत छपाईची मशीन, वरून एसी! गावातल्या लग्नपत्रिका एकेक करून तिच्याकडे गेल्या. माझ्याकडे उरले अर्ज आन झेरॉक्स.

मग भावाच्या पोरीचं लग्न ठरलं. घरातल्या समद्या पत्रिका आजवर मीच केलेल्या. पण भाचीनं मोबाइलवर मोराचं एक डिझाइन पसंत केलं आन म्हणे, "आत्या, तुमच्याच्यानं नाही झालं तर समोरच्या ताईकडून करून घेऊ." समोरची ताई! अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हटलं, "काऊन नाही होणार? उद्या ये."

डिझाइनची फाइल माझ्या जुन्या सॉफ्टवेअरात उघडेना. नवं सॉफ्टवेअर उतरवलं, तर मशीन म्हणे तुमची विंडोज जुनी झाली, हे इथं बसत नाही. तीनदा बसवून पाह्यलं, तीनदा तेच. जसं मलेच म्हातारी म्हणून राह्यलं होतं. शेवटी कपाटात त्याच सॉफ्टवेअरची मधल्या काळातली एक सीडी भेटली. ते बसलं, पण वापरायची मुदत संपलेली. मग मी कंप्युटरचं सालच आठ वर्षं मागं नेलं. उघडलं बाई एकदाचं!

मोर आला. नावंही मान सांभाळून टाकली. मोठ्या काकाचं नाव खाली गेलं तर तो मांडवात पाय ठेवत नाही. भावाच्या चिठ्ठीवर निस्ती तारीख होती. वार मी नेहमी स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या कॅलेंडरात पाहून टाकते, तसा टाकला. माझ्या डोक्यात लग्न नव्हतंच, समोरची ती होती. भाऊ म्हणे, "तू पाह्यलं म्हणजे झालं." रंगीत छपाई गावात तिच्याच एकटीकडे, म्हणून पेनड्राइव्ह तिच्या टेबलावर ठेवला आन मुद्दाम म्हटलं, "जुन्याच मशीनवर केलं, पाह्य."

संध्याकाळी तिचा फोन आला. "मॅडम, त्या तारखेले रविवार येते, तुम्ही गुरुवार टाकला होता. मी नीट करून छापलं. कोणाले सांगतलं नाही."

साल मी पुढं आणलंच नव्हतं. गुरुवार आठ वर्षांमागचा होता. मेलीनं हसावं तरी, गावभर सांगावं तरी! मले तिचा राग करायले एक धड कारण भेटलं असतं.

दुसऱ्या दिवशी भाऊ पत्रिकांचा गठ्ठा घेऊन आला. खाली बारीक अक्षरात माझ्याच दुकानाचं नाव, तिचं कुठंच नाही. "काय झकास केली बाई तू! त्या समोरचीले जमली असती का?"

मी म्हटलं, "छ्या, तिले कुठलं जमते."