बुडीत खर्च

चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी. अर्थशास्त्र ऐकायला लागलो ते बायको गेल्यावर. नांदेडला नोकरीला असलेल्या लेकानं मोबाइलवर पॉडकास्ट लावून दिले. म्हणाला, घर खायला उठतं म्हणता ना, मग बोलणारं कुणीतरी असू द्या. ब्लॉगही पाठवायचा. ते मी अक्षरांखाली बोट धरून वाचायचो.

बोलणारी पोरं हुशार, पण ऐकून किळस यावी अशी. माणसाला माणूस म्हणत न्हाईत, ग्राहक म्हणतात. चौथ्या भाकरीला पहिलीइतकी गोडी नसते, हे सांगायला ह्यांना अर्धा तास लागतो. उपाशी राहिलेलं एक तोंड दिसत न्हाई त्यांच्यात.

एक दिवस लेकानं पाठवलेल्या भागाचं नाव होतं ‘बुडीत खर्च’. मला वाटलं, हे आपल्या कामाचं हाय. आमच्याकडं धरणाच्या पाण्यात गेलेल्या जमिनीला बुडीत म्हणतात, आणि बुडिताचा सरकारकडून मावेजा, म्हणजे भरपाई मिळते. तसं खर्चाचंही काही निघत असेल म्हणून कान देऊन बसलो. तर त्यातला पोरगा म्हणे, सिनेमा भिकार निघाला तर तिकिटाचे पैसे गेले समजायचं अन् उठून जायचं. गेलेल्यापायी बसून राहतो तो येडा.

मावेजा न्हाई न् काही न्हाई. मला बायकोला ठेवलेला लातूरचा दवाखाना आठवला. डॉक्टरनं मान हलवली तेव्हा लेक म्हणाला होता, आता आईला घरी नेऊ. मी न्हाई म्हणालो. त्यानंतर दीड महिना मी अन् ती तिथंच होतो. एका सकाळी तिनं अर्धा कप चहा घेतला आणि सदऱ्याच्या गुंड्या वरखाली लावल्या म्हणून मला झापलं. तो येडेपणा मी करून बसलो होतो.

रविवारी लेक गावाकडं आला. त्यानं चप्पल काढायच्या आत मी विचारलं, "तुझी माय बुडीत खर्च होती का रे?"

त्यानं चप्पल काढली. मग म्हणाला, "तसं न्हाई, बापू. एवढं करून ती वाचली न्हाई, हे तुम्ही मनाला लावून घेतलंय. म्हणून पाठवलं."

"मी मनाला लावून घेतलंय ते तू तिला घरी नेऊ म्हणालास, हे."

 तो हळूच म्हणाला, "मला तिचं कण्हणं ऐकवत नव्हतं, बापू."

"इतकंच होतं तर तवाच सांगायचं होतंस," मी म्हणालो. "आता त्या सिनेमावाल्याकडून कशाला वदवलंस?"