भरिताचा धूर

चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला एक कोरडी नदी आहे. पावसाळा सरला की तिच्यात वाळू आणि गोटे एवढंच उरतं, आणि दोन्ही अंगांना उंच कातळ. त्या घळीतली वाट इतकी सोपी, की लोक लेकरं कडेवर घेऊन जातात. ना चढ, ना उतार. हे मी अक्काला महिनाभर ऐकवत होतो.

अक्का माझी थोरली बहीण, चोपड्याला मुलाजवळ राहते. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती ओटा उतरायला तयार नव्हती. डॉक्टर म्हणायचे चाला, मुलगा म्हणायचा चाल, आणि हिचं एकच, पडले तर? मी इकडे मेहरूणला बसून फोनवर उंटावरून शेळ्या हाकायचो. शेवटी मीच म्हटलं, मी नेतो, मी धरतो तुला. निघताना मुलानं काठी आणून दिली, तर तिनं ती दाराआड उभी केली.

"मना भाऊ शे ना संगे. काठी काय करू?"

त्या शब्दांनी मी केवढा फुगलो होतो, काय सांगू! गाडीत बायकोला दोनदा ऐकवलं.

आणि अक्का खरंच चालली हो. आधी माझा कोपर घट्ट धरून, मग नुसता हात लावून. वाळूत थोडी रेटत, थांबत, पण चालली. एका ठिकाणी तर माझा हात सोडून चार पावलं टाकली आणि स्वतःच हसली. तिथूनच परत फिरलो असतो तर किती बरं झालं असतं.

पण आम्ही पडलो खान्देशी. नदी दिसली की आम्हाला भरीत सुचतं. हिरवी वांगी, पुऱ्या, चादर, पाण्याचा कॅन, सगळं आणलेलं. कपाशीच्या काड्यांची मोळी तर मी खांद्यावर मिरवत आणली होती, कारण वांगी भाजावी तर काड्यांवरच. कातळाखाली सावली होती, तिथे एका दगडावर अक्काला बसवलं. बायको चादर आणि पाण्याचा कॅन घेऊन पुढच्या वळणावर गेली, बसायला जागा बघायला आणि फोटो काढायला.

वर कातळाला आग्या मोहोळाची काळीभोर पोळी लटकत होती. ती अक्कानंच आधी पाहिली. धूर वर जाईल रे, म्हणाली. मी म्हटलं, तू ना अक्का, मुलखाची भित्री, वारा पलीकडे चाललाय. ती गप्प बसली. माझ्यावर विश्वास टाकून गप्प बसली, हे जास्त लागतं.

वांगी अर्धीमुर्धी भाजली असतील. वरून घोंगावल्याचा आवाज आला, आणि एक माशी माझ्या कानाला डसली. अक्कानं उठायला हात पुढे केला. तो मला दिसला. दिसला, आणि मी पळालो. जीव मुठीत धरून, वाळू उडवत, थेट वळणापर्यंत.

बायकोनं माझ्या मागे पाहिलं.

"अहो, अक्का कुठंय?"

ती बाई थांबली नाही. थोडी सामसूम होताच चादर पाण्यात भिजवली, अंगावर घेतली आणि गेली. मी तिच्या मागे, आडोसा धरल्यासारखा. अक्का त्याच दगडावर होती, पदर तोंडावरून ओढून, गुडघ्यांवर वाकून, हलत नव्हती. हात सुजून भाकरीसारखे झाले होते.

चोपड्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मानेतले, हातांतले काटे काढले. तिला रात्रभर ठेवून घेतलं. जिवाचा धोका टळला. भाचा धावत आला. माझा सुजलेला कान पाहून आधी माझीच चौकशी केली, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मग त्यानं विचारलं, मामा, तुम्ही तर जवळच होता ना?

मी तोंड उघडण्याआधी अक्का खाटेवरून बोलली. "मीच सांगं त्याले, तू पय म्हणीसन."

भाच्यानं मान हलवली. बायको खिडकीबाहेर पाहत राहिली. आणि मी? तिनंच मला पळ म्हणून सांगितलं, हे खोटं मी तसंच राहू दिलं. बाजूच्या स्टुलावर बसून चहासुद्धा प्यालो.

मला वाटलं, आता ही पुन्हा ओटा उतरायची नाही, आणि ते पाप माझ्या माथी. पण तसं झालं नाही. भाचा फोनवर सांगायचा, आई रोज सकाळी चालते. मला हायसं वाटायचं. कशी चालते, ते मी कधी विचारलं नाही.

परवा ती एकटीच एसटीनं आमच्याकडे आली. मी रिक्षाजवळ गेलो आणि उतरायला हात पुढे केला. अक्कानं आधी काठी खाली टेकवली. मग माझा पुढे आलेला हात पाहिला, हसली, आणि त्यात वांग्यांची पिशवी दिली.